देवाकडे ठेवलेलं चेनलॉक

मालवणच्या किनाऱ्यावर लोक मासे खायला जातात, डॉल्फिन बघायला जातात, पाण्यात तोंड खुपसून रंगीत मासे बघायला जातात. मी गेलो तो घरातल्या बॅगा चुकवायला. आमच्या सायलीला परदेशात नोकरी लागली होती. रविवारी ती निघणार होती आणि आमच्या कोल्हापूरच्या घरात दिवाणखान्यापासून स्वयंपाकघरापर्यंत उघड्या बॅगा पडल्या होत्या. बायको एका बॅगेचं वजन करायची, चटणीची पुडी बाहेर काढायची आणि थोड्या वेळाने तीच पुडी दुसऱ्या बॅगेत घालायची. मला कुणी काही काम सांगत नव्हतं, आणि कुठेही उभा राहिलो तरी मी कुणाच्या ना कुणाच्या वाटेत येत होतो.

"बाबा, माझी गाडी घ्या आणि कोकणात जाऊन या," शेवटी सायलीच म्हणाली. "पण शनिवारी सकाळी गाडी दारात पाहिजे. आपण जोतिबाला जायचं. मी चालवणार, तुम्ही मागे."

ही मोटरसायकल तिने स्वतःच्या पगारातून घेतलेली. तिच्या मागे मी आजवर एकदाही बसलो नव्हतो. कधी कंबर दुखायची, कधी पाऊस यायचा. खरं कारण तिचा वेग. त्याबद्दल आमच्या गल्लीत दोन मतं नाहीत. गाडीचा आवाज आला की भाजीवाली आधी टोपली उचलते. पण आता ती जाणार होती, आणि परत कधी येणार हे विचारलं की "बघू" म्हणत होती. त्यामुळे मी मनाशी पक्कं केलं होतं. बाकी काही चुकलं तरी चालेल, शनिवार चुकवायचा नाही.

देवबाग

देवबाग म्हणजे एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मध्ये वाळूची एक चिंचोळी पट्टी. त्या पट्टीवर माणसं घरं बांधून, नारळ लावून, पाहुणे ठेवून निवांत राहतात. आमच्याकडे शेजाऱ्याने बांध वीतभर सरकवला तर तीन पिढ्या कोर्टात जातात. इथे समुद्र दर वर्षी थोडी जमीन खातो आणि लोक म्हणतात, "खाईना, त्याचीच आसा."

मी उतरलो त्या घरी कुळथाची पिठी, भात आणि तळलेले सौंदाळे मिळाले. सौंदाळ्यात काटे किती असतात हे मला पहिल्या घासाला कळलं आणि घरातल्या सगळ्यांना दुसऱ्या घासाला. कोरडा भात गिळवून मला वाचवण्यात आलं. मग मला होडीत बसवून डॉल्फिन दाखवायला नेलं. डॉल्फिन आम्हाला बघून गेले असावेत. आम्हाला काही ते दिसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी निघालो तेव्हा चेन थोडी करकरत होती. वाळूच्या रस्त्याने दिवसभर हिंडल्यावर कुणीही करकरेल असं म्हणून मी मालवण ओलांडून उत्तरेला, तोंडवलीच्या बाजूला गाडी घातली.

वेशीच्या आत

तोंडवलीच्या पुढच्या एका गावात चेन सुटली. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही. पुढे जे घडलं ते वाचून सुट्टीत तिथे गर्दी व्हायला नको.

चेन सुटते तेव्हा काही मोठं होत नाही. इंजिन जोरात ओरडतं आणि गाडी हळूहळू थांबते. उतरून पाहिलं तर चेन मागे रस्त्यावर मेलेल्या धामणीसारखी पडली होती. ज्यांना गाडीचं ज्ञान नाही त्यांच्यासाठी सांगतो. या गाडीच्या चेनमध्ये प्रत्येक सांध्याला बारीक रबरी रिंगा असतात. त्या आतलं ग्रीस आत ठेवतात आणि वाळू बाहेर. चेनची दोन टोकं एका सुट्या कडीने जोडतात, तिला सगळे चेनलॉक म्हणतात. दोन पिना, चार रिंगा, वरून दाबून बसवायची एक पट्टी आणि ती निसटू नये म्हणून एक क्लिप. माझ्या लॉकची क्लिप आणि पट्टी कुठे उडाली ते त्या रस्त्याला माहीत. पण सायलीने निघताना हत्यारांच्या पिशवीत नवं लॉक टाकलं होतं. लागणारी वस्तू लागेल तेव्हा जवळ असणं आमच्या घराण्यात प्रथमच घडत होतं, त्यामुळे मी जरा फुशारलो.

"खंयसून इलास?" एका माडाखालून आवाज आला. लुंगी, बंडी आणि हातात कोयता. हा सगुण. माझ्याच वयाचा, स्वतःची छोटी होडी असलेला.

"कोल्हापूरहून. चेन सुटली."

"सुटतली. मिठाची हवा आसा, माणसा पण सुटतत हय," तो म्हणाला आणि गाडी ढकलायला लागला. "आता काळोख पडतलो. घराक येवा. फाल्या सकाळीच बसवूया. पण सकाळीच हां. मगे गाव रवाचो नाय."

"गाव कुठे जाणार?"

"भायर."

जेवताना उलगडा झाला. सगुणची बायको शालनवहिनी तांदळाच्या भाकऱ्या वाढता वाढता सांगत होत्या. काही वर्षांनी एकदा ग्रामदेवाचा कौल घेऊन सगळं गाव वेशीबाहेर जातं. गावपळण म्हणतात. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, मांजरं, सगळे. तीन रात्री वेशीबाहेर झोपड्या घालून राहायचं. त्या काळात गाव देवाचा. मग पुन्हा कौल लावायचा आणि देव हो म्हणाला की परत यायचं.

"आणि नाही म्हणाला तर?"

"तर रवाचा," सगुण म्हणाला. "तेचो गाव, तेची मर्जी."

आमच्या गल्लीला बाहेर काढायचं ठरलं तर आधी कुणाची गाडी कुठे लावायची यावर मारामारी होईल, देवाला तीन रात्री मिळायच्याच नाहीत. इथे सगळे पिकनिकला निघाल्यासारखे खूश होते. मी सकाळी लॉक बसवणार, आठच्या आत निघणार आणि शुक्रवारऐवजी गुरुवारीच घरी पोचणार होतो. माझाही आनंदच होता.

सकाळी उठून पाहतो तर घरभर गाठोडी. बॅगा चुकवायला म्हणून इथवर आलो आणि इथे अख्खं गाव बांधाबांध करत होतं. अंगणात बसून आम्ही लॉकचं पाकीट पायरीवर ठेवलं, चेन धुऊन घेतली, मागच्या दातेरी चक्रावर चढवली. तेवढ्यात गाय दावं तोडून माडाच्या बागेत पळाली. सगुण तिच्या मागे गेला. वहिनींनी माझ्या हातात एक तांबडा कोंबडा दिला आणि म्हणाल्या, "ह्येका जरा धरा, भावजी." कोंबडा धरलेल्या माणसाला चेनलॉक बसवता येत नाही. मग मांजर सापडेना. मग ते सापडलं तर टोपलीत बसेना. अशात देवळाकडून ढोल वाजायला लागला आणि सगळ्यांच्या हालचाली एकदम बदलल्या. दोघांनी माझी गाडी ढकलत नेली, मी कोंबडा घेऊन मागे.

वेशीच्या बाहेर

वेस म्हणजे एक ओढा. त्यापलीकडच्या मोकळ्या शेतात झोपड्या आधीच उभ्या होत्या, चुली पेटत होत्या, एका झोपडीतून भजनाची पेटी वाजत होती. मी कोंबडा परत केला, हात धुतले आणि म्हटलं, "चला, आता लॉक."

सगुणने माझ्याकडे पाहिलं. मी सगुणकडे. मग दोघांनी वहिनींकडे.

"ता पाकीट?" वहिनी समाधानाने म्हणाल्या. "काळजी करू नकात. पायरीर पडललां, हरवात म्हणान मियां देवाकडे ठेवलंय. आतल्या कोनाड्यात."

या दिवसांत गावातली घरं देव सांभाळतो. कुणी चोरी करत नाही, कारण आत कुणी जातच नाही. पाहुण्याची वस्तू म्हणून त्या बाईने ती गावातल्या सगळ्यात सुरक्षित घरातल्या सगळ्यात सुरक्षित जागी ठेवली होती. इतकी सुरक्षित, की आता ती मालकालाही मिळणार नव्हती. बोलता बोलताच हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांचा चेहरा पडला.

माझं प्रकरण पंचांसमोर गेलं. पंच म्हणजे चुलीजवळ बसलेले चार वडीलधारे आणि पानाचा डबा. एकाचं म्हणणं, पाहुण्याला नियम कसला? दुपारचा जाऊन येऊ दे. त्यावर गावचे मानकरी, सगळे ज्यांना बाबलआजा म्हणत, ते सावकाश पान लावत म्हणाले, "काल रातीक खंय झोपललास?"

"सगुणकडे."

"जेवलास खंय?"

"सगुणकडेच."

"मगे तुमी गावचेच. गावचो माणूस आत जावचो नाय."

सगळ्यांनी माना हलवल्या. कोल्हापुरात माझा जन्म गेला, तरी शेजारचे जोशी मला अजून "ते पलीकडचे" म्हणतात. इथे दोन भाकऱ्यांत मी गावचा झालो, आणि नेमका नको त्या दिवशी.

रिक्षा करून मी मालवणला गेलो. दुकानदाराने प्रेमाने एक साधं लॉक काढलं, बिनरिंगांचं. माझ्या चेनला ते आखूड पडत होतं. "बसता काय बघूया," तो म्हणाला, "नायतर ठोकून बसवूया." मी नको म्हटलं. त्याने कुठे कुठे फोन लावले आणि सगळीकडून उत्तर आलं, सोमवारी मागवून देतो. सोमवारी माझी मुलगी दुसऱ्या खंडात असणार होती.

तिथूनच सायलीला फोन केला. सगळी हकिगत ऐकून ती इतकी हसली, की मला फोन कानापासून लांब धरावा लागला.

"मग एसटीने या ना, बाबा. गाडी राहू दे तिथेच. नंतर आणा."

"आणि जोतिबा?"

ती म्हणाली, "बघू."

परत आलो तेव्हा झोपड्यांत मजा चालली होती. बायका फुगड्या घालत होत्या, पत्ते रंगले होते, एरवी सकाळी समुद्रावर आणि संध्याकाळी बाजारात असणारी माणसं कित्येक महिन्यांनी एकमेकांशी नीट बोलत होती. मला पेज मिळाली, खारातली कैरी मिळाली, बसायला चटई मिळाली. मला त्यातलं काही गोड लागलं नाही. शालनवहिनी तीन वेळा येऊन म्हणाल्या, "तुमची खोटी झाली माज्यामुळा." त्यांच्यावर रागवायचं ठरवूनही मला जमेना. माझी वस्तू इतक्या मायेने कुणी ठेवली नव्हती.

ओढ्याच्या काठावरून सगुणचं घर दिसत होतं. कौलं, तुळस, पायरी. हाक मारली तर ऐकू जाईल इतकं जवळ. उन्हं उतरत असताना मी तिथे जाऊन उभा राहिलो. कोण बघणार? आत जायचं, कोनाड्यातून पाकीट उचलायचं, परत यायचं. ओढ्यात पाणी घोट्याएवढं होतं. मी चप्पल काढली.

मागे सगुण उभा होता. कधी आला कळलं नाही.

"चेडवासाठी ना?" त्याने विचारलं. मुलीचं आणि शनिवारचं सगळं मी त्याला आदल्या रात्री सांगितलं होतं.

"हो."

"माजो झिल मुंबैक आसा. दोन वर्सां झाली, इलो नाय." मुलाचं एवढंच सांगून तो पाठ करून उभा राहिला. "जावचा तर जावा. मियां बघूचंय नाय."

हे त्याने म्हटलं नसतं तर मी गेलो असतो. पण आता दार उघडलं असतं ते त्याचं, आणि उद्या गावात काही बरंवाईट झालं असतं, एखादं वासरू जरी आजारी पडलं असतं, तरी बोट त्याच्याकडे गेलं असतं. मी वर्षभर उपास-तापास न करणारा माणूस. माझा त्या देवावर विश्वास होता की नाही मला माहीत नाही. सगुणचा होता, आणि तरी तो पाठ फिरवून उभा होता. मी चप्पल घातली. आम्ही दोघं पत्त्यांच्या डावात जाऊन बसलो आणि मी सपाटून हरलो.

शुक्रवारी दुपारी, जेवणं आटोपत असताना, रस्त्यावर रिक्षा थांबली आणि पाठीवर पिशवी अडकवलेली सायली उतरली. पहाटेच्या एसटीने निघाली होती. मी उठून उभा राहिलो.

"बॅगा?" मी विचारलं.

"आई म्हणाली, बॅगांचं मी बघते, तू त्यांना घेऊन ये." तिने पिशवीतून पाकीट काढलं. "लॉक दोन आणलीत. एक हरवलं तर असावं. पण कुणी देवाकडे ठेवू नका हं."

शालनवहिनी सगळ्यात मोठ्याने हसल्या, आणि तिला आधी जेवायला बसवलं.

मग गाडीभोवती गाव जमलं. ज्यांच्याकडे हत्यारं होती त्यांची हत्यारं वेशीच्या आत होती, त्यामुळे सगळ्यांनी तोंडाने मदत केली. सायलीने चेनची टोकं मागच्या चक्राच्या दात्यांवर आणून टेकवली, पिनांना ग्रीस लावलं, आतल्या दोन रिंगा चढवल्या आणि पिना पलीकडून आत सरकवल्या. बाहेरच्या दोन रिंगा तिने कागदावर ठेवल्या होत्या. त्यातली एक, ग्रीसने चमकणारी, काळी, बारीक, त्या तांबड्या कोंबड्याला किडा वाटली.

पुढचा काही वेळ गावपळण खऱ्या अर्थाने पाहायला मिळाली. कोंबडा पुढे, सगुण मागे, त्याच्यामागे मी, आणि बाबलआजा बसल्या जागेवरून ओरडत होते, "तेका गिळूक देव नकात!" वहिनींनी मूठभर तांदूळ फेकले. कोंबड्याने रिंग आणि तांदूळ यांत तांदूळ निवडले. रिंग धुऊन, पुसून, पुन्हा ग्रीस लावून आली.

पट्टी सहज बसत नाही. रिंगा दबल्या तरच ती पिनांच्या खाचेपर्यंत जाते. सायलीने पक्कड घेतली आणि थोडं या पिनेवर, थोडं त्या पिनेवर असं दाबत गेली. एकदम जोर लावला तर पट्टी तिरकी होते, रिंग चिरडते. मी चेन धरून होतो. ती मला "बाबा, हलू नका" म्हणाली आणि मी श्वास धरून बसलो. हे वाक्य मी तिला न्हाव्याच्या खुर्चीत बसवून म्हणायचो.

राहिली क्लिप. तिची एक बाजू बंद, एक उघडी. बंद बाजू गाडी चालताना पुढे हवी, नाहीतर कशाला तरी अडकून ती उडते.

"म्हंजे होडयेची नाळ," सगुण हाताने होडीचं पुढचं टोक काढून दाखवत म्हणाला. "नाळ फुडे, हेडलायटाच्या दिशेन."

"फुडे खंय? ही चेन उभी आसा हय," दुसरा म्हणाला. चक्राच्या मागच्या कडेला चेन खरोखरच ना पुढे जात होती ना मागे, ती वर चढत होती. गाव दुभंगलं. एक पक्ष म्हणे नाळ खाली, कारण होडी पाण्यात उतरते. दुसरा म्हणे वर. सायलीने बंद बाजू वर ठेवून क्लिप सरकवली, टक् आवाज आला, आणि तिने मागचं चाक हाताने पुढे फिरवलं. क्लिप चक्रावरून वर आली, वळली आणि बंद तोंड पुढे करून सरळ हेडलाइटच्या दिशेने निघाली.

"निघाली!" सगळे ओरडले. खालच्या पक्षाचे लोक म्हणाले, आमचाही म्हणणा तेच होतां.

फोंडा घाट

निघताना वहिनींनी सायलीच्या पिशवीत आमसुलं घातली. वजनाचं काय, हे विचारायची माझी छाती झाली नाही. "गाव भरलो काय ये गो," त्या तिला म्हणाल्या. सायली "बघू" म्हणाली नाही. "येते," म्हणाली.

मी चावी तिच्या हातात दिली.

"उद्या जोतिबाला वेळ मिळायचा नाही, बाबा," हेल्मेट घालता घालता ती म्हणाली. "बॅगा उरल्यात. जे काय आहे ते आजच."

मी मागे बसलो. हात कुठे ठेवावे ते कळेना, म्हणून आधी मांडीवर ठेवले, मग तिच्या खांद्यावर. कणकवली मागे पडली. घाटाचा रस्ता सुरू झाला. मी डोळे मिटून घ्यायच्या तयारीने बसलो होतो, पण त्याची गरज पडेना. गाडी रमतगमत चालली होती. एक भाताने भरलेला ट्रॅक्टर आमच्या पुढे निघून गेला. दुधाच्या किटल्या लावलेला एक म्हातारा सायकलवाला मधल्या एका छोट्या उतारावर आम्हाला मागे टाकून गेला आणि वळून बघून गेला. मागच्या गाड्या हॉर्न देऊन देऊन कंटाळल्या.

"एवढी हळू का गं?" मी तिच्या कानाशी ओरडून विचारलं.

"लॉक नवं आहे ना," ती पुढे बघतच म्हणाली. "पहिल्या दिवशी सांभाळून चालवावी लागते."

चेनलॉक काही सांभाळायचं नसतं. एकदा नीट बसलं की ते पहिल्या दिवशीही तितकंच पक्कं असतं, आणि हे तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

"बरोबर आहे," मी म्हटलं. "अजून जरा हळू घे."